रोहिणीताई म्हणते

सुरुवात झाली ती एका साध्या रानफुलावरून.

गुरुवारची संध्याकाळ होती. मोशीतल्या सोसायटीच्या मागच्या रस्त्याने विजयश्री आणि तिची नऊ वर्षांची मुलगी ईश्वरी भाजी घेऊन घरी निघाल्या होत्या. कुंपणाच्या भिंतीला लागून लांब देठांची, पांढऱ्या पाकळ्यांची, मधे पिवळी अशी बारीक फुलं उगवली होती. विजयश्री सहज म्हणाली, "हा बघ दगडीपाला. लहानपणी आम्हाला कुठं खरचटलं ना, की आई हाच चुरगळून लावायची."

ईश्वरी थांबली. वाकून तिने फूल नीट बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, ही एकदांडी आहे. एका दांडीला एकच फूल. रोहिणीताई म्हणते."

"अगं, एकाच झाडाची दोन नावं असतात."

"पण रोहिणीताईच्या पुस्तकात एकदांडीच आहे," ईश्वरी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

विजयश्री पिशवी धरून तिथेच उभी राहिली. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

विजयश्री चाकणच्या पलीकडची, भामा नदीच्या बाजूच्या एका गावातली. वडील बबनराव शेतकरी. दहावीनंतर तिने डिप्लोमा केला, चाकणमध्येच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागली, मग लग्न, मग मोशीतला हा फ्लॅट. अठरा वर्षं तिचं काम एकच: समोर आलेल्या नगात खोट शोधायची आणि लाल शिक्का मारायचा. त्यात तिचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं. गावाकडून परत आली की बुटांची माती ती खाली पार्किंगमध्येच झटकायची. ईश्वरी लहान असताना तिने कितीदा तरी म्हटलं असेल, "चिखलात हात घालू नको, जंतू असतात."

आणि आता तीच ईश्वरी आठवड्यातून एकदा गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी येत होती. शाळेने यंदापासून चौथीच्या मुलांसाठी शनिवारी सकाळी रानातले तास सुरू केले होते. बस मुलांना देहूच्या बाजूला एका माळावरच्या टेकडीवर न्यायची. तिथे फळा नव्हता, वह्या नव्हत्या. तीन तास मुलं गवतात, दगडांत, ओढ्यात. हे तास घेणारी रोहिणी एकोणतीस वर्षांची, आकुर्डीत दोन खोल्यांत वाढलेली. तिचे वडीलही कंपनीतच होते. तिने स्वतः जी काय झाडं-पाखरं ओळखली ती पुस्तकांतून आणि भटकून.

विजयश्रीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, चाकण-भोसरीच्या बहुतेक कारखान्यांसारखी. ईश्वरीला शनिवार-रविवार. आई घरी असायची तेव्हा मुलगी शाळेत आणि मुलगी घरी असायची तेव्हा आई कंपनीच्या बसमध्ये. दोघींना मिळून एक अख्खा दिवस असा गेल्या तीन वर्षांत क्वचितच मिळाला होता. आणि आठवड्यातली सगळ्यात आनंदाची सकाळ ईश्वरी दुसऱ्याच बाईबरोबर घालवत होती.

"शाळेत काय झालं?" या प्रश्नाला आजवर "काही नाही" याच्यापुढे उत्तर न देणारी पोरगी आता जेवताना थांबायची नाही. रोहिणीताई म्हणते, मुंग्या रांगेने जातात ते वास घेत. रोहिणीताई म्हणते, कोतवाल दुसऱ्या पाखरांचे आवाज काढतो. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना विजयश्री काहीतरी विचारायला गेली तर ईश्वरीने ओठांवर बोट ठेवलं. "मम्मी, बोलू नको ना. वेडा राघू बसलाय तारेवर. रोहिणीताई अशा वेळी श्वाससुद्धा हळू घेते."

"चांगलं आहे की," विजयश्रीचा नवरा कुलदीप म्हणाला. "मोबाइल तरी सुटला हातातला."

चांगलं आहे हे विजयश्रीलाही कळत होतं. त्यामुळेच ते जास्त झोंबत होतं. वाईट असतं तर बंद करता आलं असतं.

दसऱ्याच्या आधी पालकसभा झाली तेव्हा तिने रोहिणीला पहिल्यांदा बघितलं. उन्हाने रापलेली, किरकोळ अंगाची मुलगी. पायात जुने कॅनव्हासचे बूट. बाकी शिक्षक खुर्च्यांवर होते, ही मैदानाच्या कडेला फरशीवर मांडी घालून बसली होती. ईश्वरी आईचा हात सोडून तिच्याकडे धावली आणि तिच्या दंडाला लटकली. रोहिणीने बोलता बोलता ईश्वरीची निसटलेली क्लिप काढून पुन्हा नीट लावली. तेवढंच. पण विजयश्री त्या बोटांकडे बघत राहिली. सकाळी सहा वाजता बस पकडायच्या घाईत ती क्लिप तिनेच लावली होती, वेडीवाकडी.

"तुम्ही ईश्वरीच्या आई ना?" रोहिणी उठून म्हणाली. "ती सांगते, तुमचं गावाकडं शेत आहे म्हणून."

"हो," विजयश्री म्हणाली. "आम्ही असल्याच मातीत वाढलोय. आम्हाला त्यासाठी क्लास लावावा लागला नाही."

रोहिणी हसली. बोलणं तिला लागलं की नाही, ते विजयश्रीला कळलं नाही.

त्यानंतर ती अळी आली. ईश्वरीने बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत एक हिरवी अळी शोधून काढली आणि जाळीच्या डब्यात ठेवली. रोज ताजी पानं घालायची, डबा पुसायचा. पहिले दोन दिवस ईश्वरीने ते केलं. पण तिला सकाळी लवकर जाग येत नव्हती, आणि अळीला भूक तर सारखी. तेव्हा पहाटे जेवणाचा डबा भरायच्या आधी विजयश्रीच कढीपत्त्याच्या दोन कोवळ्या काड्या तोडून आत घालू लागली. कुणाला न सांगता. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की, दूध तापेपर्यंत आपण त्या अळीचं खाणं बघत उभ्या राहतो. पानाच्या कडेने कशी एक एक ओळ संपवत जाते! मग अळीने कोष केला. काडीला चिकटलेला, पानासारखाच हिरवा.

दहाव्या दिवशी, शनिवारी, रानातल्या तासाला दिवाळीमुळे सुट्टी होती आणि विजयश्रीची दुसरी पाळी होती. सकाळी आठला तिला कोष काळपट दिसला. तिने ईश्वरीला उठवलं. दोघी डब्यासमोर बसल्या. कोष चिरला, आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, काडीला लटकलं, आणि अर्ध्या तासात काळे-पिवळे पंख उघडले. विजयश्रीच्या अंगावर शहारा आला. तिने ईश्वरीच्या खांद्यावर हात ठेवला. ती सांगणार होती, की रोज पहाटे मीच पानं घालत होते गं.

"मम्मी, फोन दे! लवकर! रोहिणीताईला दाखवायचं!"

विजयश्रीने फोन दिला. पडद्यावर रोहिणीचा झोपेतून उठलेला चेहरा आला आणि दोघी एकमेकींशी ओरडून बोलू लागल्या. "तू केलंस हे! एकटीने!" रोहिणी म्हणत होती. ईश्वरी म्हणाली, "हो!"

विजयश्री उठून स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. गॅस मात्र पेटवायचा राहून गेला. बराच वेळ शिट्टी होईना तेव्हा तिला ते कळलं.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्याच शनिवारी टेकडीवर एका मुलाला गांधीलमाशी चावली. हात सुजला, रोहिणीने बर्फ लावला, डॉक्टरांना दाखवलं, त्याच्या घरी स्वतः सोडलं. संध्याकाळपर्यंत तो मुलगा खाली क्रिकेट खेळत होता. पण पालकांच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. कुणी लिहिलं, जरा काळजी घ्यायला हवी. कुणी लिहिलं, असं होतंच.

रविवारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून विजयश्रीने तो संदेश लिहिला. लिहायला तिला वीस मिनिटं लागली. एक एक वाक्य तिने तपासलं, सुटा भाग तपासावा तसं.

'मी शेतकऱ्याची मुलगी आहे. रान काय असतं हे मला माहीत आहे. साप, विंचू, उघड्या विहिरी. आमच्या गावातली माणसंसुद्धा गवतात काठी आपटल्याशिवाय पाय टाकत नाहीत. ज्यांनी रान फक्त पुस्तकात बघितलं, त्यांच्या भरवशावर आपण चाळीस मुलं सोडतोय. आज गांधीलमाशी आहे. उद्या काय असेल?'

त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. आणि ते सगळं खोटं होतं, हे तिला पाठवायचं बटण दाबतानाच माहीत होतं.

दहा मिनिटांत तीस अंगठे आले. "ताई, अगदी बरोबर बोललात," "अनुभवाचे बोल," असं लोक लिहू लागले. मंगळवारी मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं: पालकांच्या भावना लक्षात घेऊन शनिवारचे तास पुढील सूचनेपर्यंत बंद.

विजयश्रीला वाटलं होतं, आपल्याला मोकळं वाटेल. एक दिवस वाटलंही. बुधवारी ती दुसऱ्या पाळीवर जायच्या तयारीत असताना ईश्वरी शाळेतून लवकर घरी आली. बूट काढून तिने ते कपाटात नीट ठेवले. हात धुतले. मग म्हणाली, "आमच्या वर्गातली मुलं म्हणतात, तुझ्या मम्मीमुळे बंद झालं."

"मी फक्त काळजीने लिहिलं, बाळा."

"तू तर कधी आलीच नव्हतीस बघायला," ईश्वरी म्हणाली. रडली नाही, आदळआपट नाही. पण त्या दिवसापासून जेवताना तिचं "काही नाही" परत आलं. "शाळेत काय झालं?" "काही नाही." रोहिणीताईचं नाव घरातून नाहीसं झालं. विजयश्रीला हेच हवं होतं, आणि आता ताटावर बसलं की तीच दोनदोनदा तो प्रश्न विचारत होती.

पुढच्या गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात रोहिणी उभी होती.

"आत येऊ?" ती म्हणाली. बसल्यावर तिने पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून ठेवला. "तुम्ही लिहिलं ते मला एका पालकाने दाखवलं. माझं रान पुस्तकातलं आहे, हे खरं आहे. मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. त्या म्हणतात, रान ओळखणारं कुणी मोठं माणूस सोबत असेल आणि जागा घरची असेल, तर एक तास घेऊन बघा. मग ठरवू." ती थांबली. "तुम्ही याल का? तुमच्या वडिलांच्या शेतावर. तुमची सुट्टी गुरुवारी असते, ईश्वरी म्हणाली होती. बाई गुरुवारची परवानगी देतायत."

विजयश्रीला आधी वाटलं, ही टोमणा मारतेय. पण त्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना. मग दुसरा विचार आला, आणि त्या विचाराने तिला एकदम हुरूप चढला. ईश्वरीच्या समोर, माझ्या शेतात, माझ्या मातीत. कळू दे पोरीला खरं कुणाला काय येतं ते.

"येईन," ती म्हणाली.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी आठला शाळेची बस चाकणच्या चौकातून, ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत गावाच्या रस्त्याला लागली. बबनरावांची निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. उरलेल्या तीन एकराच्या एका कडेला कारखान्याचं निळं पत्र्याचं कुंपण होतं, दुसरीकडे ओढा. विजयश्रीच्या आईने, सरुबाईंनी, अंगणात मुलांसाठी पाण्याचे हंडे भरून ठेवले होते. बबनराव पांढरी टोपी नीट करत बांधावर उभे होते. एवढी मुलं एकदम त्यांच्या शेतात कधी आली नव्हती.

विजयश्रीने सूत्रं हातात घेतली. "सगळ्यांनी इकडे या. ही बाभूळ. हिच्या शेंगा शेळ्या खातात. हा आघाडा. ही रुई, चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो, हात लावायचा नाही. हे कांद्याचं रोप, आता लागण चालू होईल." तिचा आवाज खणखणीत होता. मुलं तोंडं उघडी ठेवून ऐकत होती. ईश्वरी पुढेच उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, हे विजयश्रीने चोरून बघितलं. रोहिणी सगळ्यांच्या मागे होती, गप्प.

पंधरा मिनिटं हे छान चाललं. मग मागची दोन मुलं खाली बसली. आणखी तीन गेली. विजयश्री एरंडाविषयी सांगत होती तेव्हा तिच्यासमोर दहा-बाराच डोकी उरली होती. बाकीची रोहिणीभोवती उकिडवी बसली होती आणि रोहिणी काहीच सांगत नव्हती. वाफ्याच्या ओल्या मातीत एक शेणकिडा शेणाची गोळी ढकलत होता. "कुठे नेत असेल?" एवढंच रोहिणीने विचारलं होतं. मुलं भांडत होती, घरी नेतोय, पिल्लांना नेतोय, खेळतोय. गोळी ढेकळावरून घसरली की सगळे एकदम "अरेरे" करत. रोहिणीला उत्तर माहीत असणार. पण ती ते सांगायची घाई करत नव्हती.

विजयश्री एरंडावर थांबली. ईश्वरीसुद्धा तिकडे गेली होती.

 ती तरातरा ओढ्याच्या बाजूला गेली, तिथे तीन-चार मुलं बांधाला वाकून काहीतरी बघत होती. बांधात मुठीएवढं बीळ होतं आणि एक मुलगी त्यात काडी घालत होती.

"मागे व्हा!" विजयश्री ओरडली. "सगळे मागे व्हा! सापाचं बीळ आहे ते! ह्याच्यासाठीच मी म्हणत होते!"

मुलं किंचाळत मागे पळाली. रोहिणी धावत आली. काडी घालणारी मुलगी रडायला लागली. तेवढ्यात बबनराव काठी टेकत आले, वाकले, बिळाकडे बघितलं आणि हसले.

"कोन म्हनलं साप? आगं, खेकड्याचं बीळ हाय ते. तोंडाशी मातीच्या गोळ्या दिसत न्हाईत व्हय? आतली माती त्यो अशी भायेर काढून ठिवतो." मग रडणाऱ्या मुलीकडे वळून म्हणाले, "तू घाबरू नगं, बाय. पर काडी नगं घालू. त्याचं घर हाय, आपल्या घरात कुनी काठी घातली तर?"

चाळीस मुलांनी एकदम विजयश्रीकडे बघितलं. तिला वाटलं, पत्र्याच्या कुंपणापलीकडे चालत जावं आणि तिकडच्याच कुठल्यातरी कंपनीत कामाला लागावं.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

ती बांधावर जाऊन बसली. मुलं पुन्हा पांगली. रोहिणी बबनरावांशेजारी उभी राहिली. नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्यात एक करड्या-पांढऱ्या रंगाचा पक्षी तुरुतुरु पळत होता आणि थांबला की शेपटी वर-खाली आपटत होता.

"आबा, हा इथे वर्षभर असतो का?" रोहिणीने विचारलं.

"परीट व्हय? न्हाई न्हाई. नवरात्र सरलं की येतो, शिमग्याला जातो. शेपटी बघा कशी हानतो, धुनं धुतल्यावानी. म्हनून परीट." बबनराव रंगात आले. "माझा बा म्हनायचा, परीट वाफ्यात उतरला की कांद्याच्या रोपाकडं बघा. आन् त्यो बांध सोडून ओढ्याकडं सरकला, की समजायचं पानी आटाया लागलं. त्याला आपल्या आधी कळतं." रोहिणीने पाठीवरच्या पिशवीतून वही काढली, पण लिहायचं विसरून ती ऐकतच राहिली. ते बोलत गेले: कुठल्या झाडाखाली गव्हाण घालू नये, कुठल्या मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की बैल बाहेर काढू नये. अर्धा तास.

विजयश्री चार हात अंतरावर बसून ऐकत होती. यातलं एकही वाक्य तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. आपल्या बापाच्या तोंडून सलग अर्धा तास बोलणंही नाही. आधी मुलगी, आता बाप. दोन्ही या एकाच बाईने नेले. तिचा आवाज तिच्याही नकळत चढला.

"आण्णा, हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही!"

बबनरावांनी वळून बघितलं. त्यांना तिचा राग कळला नाही. "तू कधी इचारलंस?"

 मग त्यांचाच आवाज उतरला. "इचारायला येळ तरी कुठं दिला म्या. बांधावर आलीस की हाकलायचो. म्हनायचो, जा, पुस्तक घे. तुझी आय म्हनायची, पोरगी शेतात दिसली तर शेतकऱ्याचंच स्थळ यील. तुला ह्यातनं भायेर काढायची व्हती आमाला." त्यांनी काठीने माती उकरली. "काढली की."

विजयश्रीला दगडीपाला आठवला, बाभूळ, आघाडा, रुई आठवली. तेवढंच तिच्याकडे होतं. दाराजवळून जाता-येता जेवढं दिसतं तेवढं. जे आपल्याकडून हिसकावलं म्हणून ती चार महिने जळत होती, ते तिच्या हातात कधी आलंच नव्हतं.

ईश्वरी येऊन तिच्याशेजारी बसली. "मम्मी, तुला खेकड्याचं बीळ माहीत नव्हतं?"

"न्हाई," विजयश्री म्हणाली. गावचंच 'न्हाई' आलं तोंडात.

"मलापण नव्हतं." ईश्वरीच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने आईचा हात ओढला. "चल, बघू येतो का बाहेर. पण गप्प बसावं लागेल. तुला जमेल?"

दोघी बिळापासून पाच पावलांवर बसल्या. विजयश्रीचा पाय वळला, मानेवर माशी बसली. दोनदा ती बोलायला गेली आणि ईश्वरीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने बिळाच्या तोंडाशी आधी दोन डोळे आले, काड्यांवर टोचलेल्या मण्यांसारखे, मग एक नांगी. ईश्वरीने आईचा हात एवढा घट्ट दाबला की बांगडी रुतली. खेकडा आत गेला. ईश्वरी उठली आणि "रोहिणीताई! आला होता!" करत धावत सुटली.

विजयश्रीला पुन्हा तेच झोंबलं. तसंच, तेवढंच. पण बांगडी रुतलेल्या जागी ठणकत होतं, आणि ते तिला बरं वाटत होतं.

मुलं डबे उघडून बसली तेव्हा ती रोहिणीजवळ गेली. सरुबाईंनी दिलेली पिठलं-भाकरी रोहिणी हातावरच घेऊन खात होती.

"मी ते काळजीने लिहिलं नव्हतं," विजयश्री म्हणाली. "पोरगी तुमची होत चालली होती. ते मला बघवलं नाही."

रोहिणीने घास गिळला. "माहीत होतं मला."

"कसं?"

"काळजी वाटते ती आई आधी फोन करते. तुम्ही केला नव्हता." ती हसली नाही. "मला खूप राग आला होता. त्या दिवशी तुमच्याकडे आले ती भांडायलाच. जिन्यात विचार केला, भांडून तास परत मिळणार नाहीत. म्हणून गोड बोलले. तुमच्या मुलीसाठी, बाकीच्या मुलांसाठी. तुमच्यासाठी नाही."

विजयश्रीने मान हलवली. "आता काय करू?"

"जिथे लिहिलं तिथेच लिहा. तेवढंच मोठं."

शुक्रवारी पहाटे कंपनीच्या बसमध्ये तिने ते लिहिलं. आधीचा संदेश वीस मिनिटांत झाला होता. याला मोशीपासून कंपनीच्या गेटपर्यंतचा प्रवासही जेमतेम पुरला. शेवटी उतरायच्या आधी तिने तो पाठवून दिला. 'काल माझ्या वडिलांच्या शेतावर मी खेकड्याच्या बिळाला सापाचं बीळ म्हटलं आणि मुलांना घाबरवलं. रान मला माहीत आहे असं मी लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. गांधीलमाशी चावली तेव्हा रोहिणी मॅडमनी त्या मुलाची पूर्ण काळजी घेतली होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझी मुलगी त्यांचं नाव सारखं घेते याचा मला मत्सर वाटला, म्हणून मी लिहिलं. तास पुन्हा सुरू करावेत.'

या वेळी चारच अंगठे आले. बाकी ग्रुप गप्प. दुपारी एका आईचा फोन आला, जिचं नावही विजयश्रीला धड माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ताई, मलापण असंच व्हायचं हो. पण लिहायची हिंमत नसती झाली." दुसऱ्या एकीने मात्र लिफ्टमध्ये तिच्याकडे बघायचं टाळलं.

जानेवारीत तास सुरू झाले. दोन घरांनी आपली मुलं पाठवली नाहीत. विजयश्रीने महिन्यातून एका शनिवारची सुट्टी मागून घेतली आणि टेकडीवर जाऊ लागली. तिथे तिचं काम डबे मोजायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि गप्प बसायचं. रोहिणीशी तिची मैत्री वगैरे झाली नाही. दोघी एकमेकींना 'मॅडम' म्हणत. ईश्वरी अजूनही बसमधून उतरली की आधी रोहिणीकडे धावायची, आणि दर वेळी विजयश्री बाटल्यांकडे बघायची.

मात्र एक नवीन गोष्ट झाली. संध्याकाळी कामावरून आली की ती बबनरावांना फोन लावू लागली. पहिल्यांदा लावला तेव्हा ते घाबरले. "का गं? काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"सगळं बरं हाय. एक इचारायचं व्हतं. आपल्या ओढ्याला मासे कुठून येतात? उन्हाळ्यात तर तो पार आटतो."

 पलीकडे खाट करकरली, म्हणजे ते उठून बसले. "आता हे सांगायला येळ लागंल," बबनराव म्हणाले.

"लागू द्या," विजयश्री म्हणाली आणि बाल्कनीत खुर्ची ओढून बसली.

ते सांगू लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ईश्वरी दारात आली, कान देऊन ऐकलं आणि हात पुढे केला. "आबा आहेत? काय सांगतायत? दे ना मला फोन."

विजयश्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पाठ फिरवली.

"थांब जरा," ती म्हणाली. "माझं झालं की देते."